आधी वारा ठरवा: तैलरंगातील खवळलेला समुद्र आणि शिडाची जहाजे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ चार वर्षांपासून तैलरंगात शिडाची जहाजे रंगवत आहेत. जुन्या युरोपीय चित्रांच्या छापील प्रती आणि छायाचित्रे समोर ठेवून त्यांनी खवळलेल्या समुद्राची सात-आठ चित्रे केली. जहाजाचे तपशील बरोबर उतरले, पण जहाज पाण्यात असल्यासारखे न दिसता पाण्यावर चिकटवल्यासारखे दिसते, लाटा प्लास्टरच्या वाटतात आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका चित्रातला फेस आता पिवळट पडला आहे. आता त्यांना मराठ्यांच्या आरमारातील एक गुराब, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज, वादळात सापडल्याचे चित्र करायचे आहे. ते हाती घेण्यापूर्वी आपले नेमके काय चुकते, हे त्यांना समजून घ्यायचे आहे.

तुम्ही पाठवलेली तीन चित्रे मी नीट पाहिली. रेखाटनावर तुमचा हात बसलेला आहे, त्यामुळे त्याबद्दल काही सांगायची गरज नाही. दोष जहाजात नाही आणि लाटेतही नाही, दोष वाऱ्यात आहे. तुमच्या प्रत्येक चित्रात तीन-तीन वारे एकाच वेळी वाहत आहेत. ढग डावीकडून उजवीकडे धावत आहेत, शिडे पाहणाऱ्याच्या दिशेने फुगली आहेत, लाटांचे तुषार उलट्या बाजूला उडत आहेत आणि मुख्य डोलकाठीवरचे निशाण जहाजाच्या मागच्या अंगाला फडफडते आहे. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या चांगल्या चित्रातून उचललेली असल्यामुळे सुटी सुटी पाहिली तर ती बरोबरच दिसते. एकत्र आली की मात्र पाहणाऱ्याला कारण सांगता येत नसले तरी काहीतरी खोटे असल्याचे जाणवते, आणि मग ते खोटेपण तो जहाजावर किंवा लाटेवर ढकलतो.

निशाणाचेच उदाहरण घेऊ. मोटारीवर लावलेला झेंडा मागे उडतो, कारण मोटार इंजिनाच्या जोरावर हवा कापत पुढे जाते. शिडाचे जहाज वाऱ्याच्याच जोरावर चालते, आणि वारा थेट मागून येत असेल तर तो जहाजापेक्षा वेगाने पुढे निघून जातो, त्यामुळे अशा वेळी निशाण नाळेच्या दिशेने, म्हणजे पुढे उडते. फुगलेली शिडे पुढे आणि निशाण मागे, हे दृश्य शिडाच्या जहाजावर संभवतच नाही, आणि तरीही हौशी चित्रांत ही चूक इतकी आढळते की मी चित्र पाहताना सवयीने आधी डोलकाठीचे टोक पाहतो. वारा बाजूने येत असेल तर निशाण तिरपे, वाऱ्याआडच्या बाजूला (वारा जिकडे जातो तिकडे) आणि थोडे मागे झुकते, आणि जहाजही त्याच बाजूला कलते. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६५ ते ७० अंशांचा कोन ठेवूनच त्याला पुढे सरकता येते. म्हणून वारा कागदावर एका बाणाने दाखवला की जहाज कुठल्या दिशांना तोंड करू शकते, हे बरेचसे आपोआप ठरते.

हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. तरुणपणी केलेले वादळाचे एक मोठे चित्र मी कौतुकाने एका म्हाताऱ्या तांडेलाला दाखवले होते. त्याने ते बराच वेळ पाहिले, मग अंगठ्याने शीड झाकले, नंतर निशाण झाकले, आणि विचारले, “ह्यातला खरा वारा कोनचा?” त्या चित्रावर मी तीन महिने घालवले होते. पुढे त्याच कॅनव्हासवर दुसरे चित्र रंगवले.

वाऱ्याची दिशा ठरली की त्याचा जोर ठरवायचा, आणि इथे शिडाच्या जहाजाइतका प्रामाणिक मापक दुसरा नाही. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी मांडली, तिचा आधारच मुळी युद्धनौका त्या वाऱ्यात किती शीड उभे ठेवू शकते हा होता. बाराव्या पायरीवर कुठलेच कापड टिकत नाही, दहाव्या पायरीवर अगदी आखडून घेतलेली एक-दोन शिडे जेमतेम तग धरतात. तुमच्या दुसऱ्या चित्रात डोंगराएवढ्या लाटा आहेत, पाण्यावर फेसाचे पट्टे ओढले गेले आहेत, म्हणजे वारा ताशी ३५ ते ४० सागरी मैलांच्या खाली नाही, आणि अशा वाऱ्यात तुमचे जहाज सगळी शिडे उभारून सहलीला निघाल्यासारखे चालले आहे. प्रत्यक्षात अशा वेळी वरची शिडे केव्हाच गुंडाळलेली असतात, खालची आखडलेली असतात, आणि एखादे वेळेवर न उतरवलेले शीड फाटून चिंध्या झालेले असते. सगळी शिडे दाखवायची हौस असेल तर वारा उतरवा आणि समुद्र मध्यम ठेवा. चित्र त्यानेही नाट्यमय होऊ शकते, कारण नाट्य लाटेच्या उंचीवर जितके अवलंबून असते तितकेच ते प्रकाशावर असते.

हे सगळे सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांना तोंडपाठ होते. थोरले विलेम व्हॅन डी वेल्ड (१६११–१६९३) प्रत्यक्ष लढाईच्या वेळी लहान बोटीतून आरमाराच्या आसपास फिरत आणि कागदावर भराभर टिपणे करत. त्यांचा मुलगा, धाकटे विलेम (१६३३–१७०७), त्या टिपणांवरून तैलचित्रे करत असे. १६७२–७३ च्या हिवाळ्यात बापलेक इंग्लंडला गेले, दुसऱ्या चार्ल्स राजाने त्यांना प्रत्येकी वर्षाला १०० पौंड लावून दिले आणि ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली. धाकट्यांचे ‘द गस्ट’ या नावाने ओळखले जाणारे चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. ते साधारण १६८० चे आहे आणि उभे, जेमतेम पाऊण मीटर उंचीचे आहे. आकाश काळवंडलेले, जहाज एका अंगावर कललेले आणि उजेड नेमका शिडावर पडलेला. इतक्या लहान चित्रात इतका वारा कसा मावला, याचे उत्तर असे की त्यात वाऱ्याच्या विरुद्ध काहीच नाही. ढग, शीड, निशाण, लाटेचा माथा, कललेला सांगाडा (जहाजाचे पाण्यात बसणारे धड) या सगळ्यांची दिशा एकच आहे. या चित्राची चांगली प्रत घ्या, त्यावर पारदर्शक कागद ठेवा आणि फक्त वारा दाखवणाऱ्या रेषा काढा. तुमच्या चित्रावरही तेच करा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मी वर लिहिलेले वेगळे समजावून घ्यायची गरज उरणार नाही.

आता क्षितिज. तुमच्या चित्रांत मोठ्या जहाजाला क्षितिज डेकच्या उंचीवर छेदते आणि लांबच्या लहान जहाजाला ते पार पाण्याच्या रेषेवर टेकते, म्हणजे पाहणारा एकाच वेळी दोन उंचीवर उभा आहे. नियम सोपा आहे. पाहणाऱ्याचा डोळा पाण्यापासून ५ मीटरवर असेल तर क्षितिजाच्या अलीकडच्या प्रत्येक जहाजाला क्षितिज त्याच्या पाण्याच्या रेषेपासून साधारण ५ मीटरवरच छेदते, जहाज जवळ असो वा लांब. डोळा २ मीटरवर असेल तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असते, १० मीटरवर असेल तर ११ किलोमीटरच्या थोडे पुढे. क्षितिजापलीकडच्या जहाजाचा खालचा भाग झाकला जातो आणि केवळ शिडे दिसतात. खवळलेल्या समुद्रात लाटा मध्ये येतात, त्यामुळे हे गणित काटेकोर राहत नाही, पण लाटा घालण्यापूर्वी ते एकदा मांडलेले असले पाहिजे. वादळाच्या चित्रात मी क्षितिज नेहमी खाली ठेवतो, कॅनव्हासच्या खालच्या तृतीयांशात किंवा त्याहूनही खाली. तसे केले की पाहणारा होडीत बसलेला राहतो. क्षितिज वर नेले की तो टेकडीवर जाऊन बसतो, आणि टेकडीवरून पाहिलेले वादळ कितीही मोठे असले तरी पाहणाऱ्याला त्यात बुडण्याची भीती वाटत नाही.

लाटांचे प्लास्टर का होते, याचे पहिले कारण म्हणजे तुम्ही भर समुद्रात किनाऱ्याच्या लाटा रंगवता. खोल पाण्यात लाट पुढे जाते, पाणी जात नाही. नारळी पौर्णिमेला सोडलेला नारळ लाटेबरोबर वर चढतो, थोडा पुढे जातो, मग खाली येतो आणि जवळजवळ होता तिथेच परततो, कारण पाणी तिथल्या तिथे वर्तुळात फिरत असते. लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास गेली की माथा ढासळतो आणि फेस पुढच्या उतारावरून घसरत खाली येतो. कमानीसारखी वळून, आत पोकळी धरून कोसळणारी लाट ही उथळ पाण्याची लाट आहे, जिथे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जेमतेम सव्वापट उरते. लाटेची म्हणून सहज मिळणारी बहुतेक छायाचित्रे सर्फिंगच्या किनाऱ्यांवरची असतात, आणि त्यांवरून काम केले की जहाजाच्या खाली न दिसणारा किनारा तयार होतो. जाणता दर्यावर्दी तुमचे पहिले चित्र पाहून एवढेच म्हणेल की हे जहाज आता खडकावर आपटणार.

दुसरे कारण रंगछटांचे आहे. तुम्ही लाट म्हणजे निळा डोंगर समजून एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली दिली आहे. पाणी असे वागत नाही. लांबचे पाणी आपण अगदी निमुळत्या कोनातून पाहतो, म्हणून त्यात क्षितिजाजवळच्या आकाशाचे प्रतिबिंब जास्त असते आणि ते फिकट दिसते. लाटेचा आपल्याकडे तोंड केलेला उतार मात्र आपण जवळजवळ समोरून पाहतो. तिथे प्रतिबिंब कमी होते आणि पाण्याचा स्वतःचा गडद, हिरवट रंग वर येतो. माथ्याजवळ पाणी पातळ असते, आणि उजेड लाटेच्या मागून येत असेल तर तेवढाच पट्टा आतून पेटल्यासारखा हिरवा होतो. हा हिरवा पट्टा फार मोहक असतो आणि म्हणूनच तो प्रत्येक लाटेला द्यावासा वाटतो. तो एका, फार तर दोन लाटांना द्यावा. फेसही दोन प्रकारचा असतो. माथ्यावरचा ताजा फेस जाड, पांढरा आणि उंच असतो, तर आधीच्या लाटेचा जुना फेस पाण्यावर जाळ्यासारखा पसरलेला असतो. लाट चढताना हे जाळे ताणले जाते आणि खोलगट भागात आकसते. लाटेची गोलाई दाखवायला सावलीपेक्षा हे जाळे जास्त उपयोगी पडते. तुमच्या चित्रांत ते मुळीच नाही, सगळा फेस माथ्यावर टोपीसारखा बसला आहे.

याबाबतीत इव्हान ऐवाझोव्स्की (१८१७–१९००) यांच्याकडून शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे, आणि चुकीचे शिकण्यासारखेही त्यांच्याकडेच जास्त आहे. क्रिमियातल्या फिओदोसियाचा हा आर्मेनियन चित्रकार समुद्र समोर ठेवून रंगवत नसे. धावत्या गोष्टी निसर्गासमोर बसून पकडता येत नाहीत, त्या स्मरणातूनच उतरवाव्या लागतात, असे त्याचे मत होते. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममधले त्याचे ‘नववी लाट’ (१८५०) हे चित्र २२१ सेंटिमीटर उंच आणि ३३२ सेंटिमीटर रुंद आहे. एवढ्या मोठ्या चित्रात अख्खे जहाज कुठेच नाही. आहे ती मोडलेली डोलकाठी, तिला बिलगलेली मूठभर माणसे आणि धुक्यातून वर येणारा सूर्य. जहाजाचे चित्र म्हणून पाहायला गेलो तर हाती काही लागत नाही, पण जहाज किती मोठे होते ते त्या काठीवरून कळते. चुकीचे शिकणे म्हणजे त्याच्या लाटेतला हिरवा काचेरी रंग तेवढा उचलणे. तो रंग तिथे शोभतो, कारण सूर्य समोर आणि खाली आहे. तुमच्या तिसऱ्या चित्रात आकाश पूर्ण झाकोळलेले आहे, उजेड वरून सारखा पडतो आहे, आणि तरीही प्रत्येक लाट आतून हिरवी पेटलेली आहे.

जहाज चिकटवल्यासारखे दिसण्याचे उरलेले कारण कामाच्या क्रमात आहे. तुम्ही समुद्र पूर्ण वाळवता आणि मग त्यावर जहाज काढता, त्यामुळे सांगाड्याची कडा सगळीकडे सारखी धारदार राहते. मी आकाश एका बैठकीत ओल्यात ओले करून, म्हणजे खालचा रंग वाळण्याआधीच वरचा लावत, संपवतो. दुसऱ्या बैठकीत समुद्राचा मोठा गडद भाग आणि जहाजाचा सांगाडा एकदमच मांडतो, दोन्ही रंग ओले असतानाच पाण्याच्या रेषेवर ब्रश आडवा फिरवतो, आणि काही ठिकाणी कडा मुद्दाम हरवू देतो. सांगाड्याचा तिसरा हिस्सा तरी लाटेने झाकलेला असावा. वाऱ्याकडच्या बाजूला पाणी आपटून तुषार उडतात. वाऱ्याआडच्या बाजूला जहाजाच्याच आडोशामुळे पाणी थोडे निवलेले असते आणि तिथे सांगाड्याचे मोडके, गडद प्रतिबिंब येते. हा निवलेला पट्टा रंगवला की जहाजाला वजन येते. दोरखंड शेवटी, लांब केसांच्या रिगर ब्रशने काढावेत. या ब्रशला हे नाव जहाजांचे दोर रंगवण्यावरूनच मिळाले आहे. सगळे दोर काढू नयेत, आणि वाऱ्याकडच्या बाजूचे दोर ताठ, दुसऱ्या बाजूचे किंचित सैल ठेवावेत.

पिवळ्या पडलेल्या फेसाबद्दल घाबरण्याचे कारण नाही. ते चित्र तुम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवले होते असे लिहिले आहे. तैलरंगातले जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते आणि उजेडात त्यातला बराचसा पिवळेपणा निघून जातो. चित्र काही आठवडे भरपूर उजेडात, पण थेट उन्हात नाही, असे ठेवून पाहा. पुढच्या वेळी पांढऱ्या रंगात वरून तेल मिसळू नका. फेसाचा जाड थर ट्यूबमधल्या रंगानेच द्यावा आणि तो सर्वांत शेवटी द्यावा, म्हणजे कमी तेलाच्या थरावर जास्त तेलाचा थर हा नियमही मोडत नाही. टिटॅनियम व्हाइट वापरा. केवळ झिंक व्हाइटचे जाड थर तेलात ठिसूळ होतात आणि तडकतात. जुन्या चित्रांचे रंग जसेच्या तसे उचलण्याच्याही मी विरुद्ध आहे, कारण आपण पाहतो ते रंग चित्रकाराने लावलेलेच असतील असे नाही. सतराव्या शतकात स्वस्त निळा म्हणून वापरलेली स्माल्ट ही काचेची पूड तेलात हळूहळू राखाडी होते, त्यामुळे डच आकाशांतला काही करडेपणा काळाने घातलेला आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या ‘मेड्यूसाचा तराफा’ (१८१८–१९) या चित्रातला काळोखही काही अंशी त्यातल्या डांबरी रंगाने नंतर वाढवलेला आहे.

तुम्ही कोकणात राहता म्हणून आणखी एक सांगतो. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, आणि पावसाळ्यात हे काम रेंगाळते. व्हार्निश तर पावसाळ्यात लावूच नये. जुलैत घाईने लावलेल्या व्हार्निशवर दमटपणामुळे निळसर-पांढरा धूर धरल्यासारखा थर येतो. एका प्रदर्शनाच्या घाईत मी हे एकदा केले आणि सगळे व्हार्निश काढावे लागले. चित्र पूर्ण झाल्यावर सहा महिने ते वर्ष थांबून, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ते काम करावे. घराच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आतून चित्र टांगायचे असेल तर चौकटीच्या मागे बुचांचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी, नाहीतर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते.

आता तुमची गुराब. पहिला प्रश्न ऋतूचा. तुम्ही आषाढातले वादळ धरले आहे, पण आषाढात आपल्या किनाऱ्यावरची शिडाची वाहतूक बंद असायची आणि गलबते ओढून किनाऱ्यावर घेतलेली असायची. नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात उतरायची. वादळ हवेच असेल तर ते मे महिन्याच्या अखेरचे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरचे धरा. अरबी समुद्रातली चक्रीवादळे याच दोन हंगामांत येतात आणि परतीला उशीर झालेली गुराब त्यात सापडणे अगदी शक्य आहे. दुसरा प्रश्न आधाराचा. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात डॉमिनिक सेर्स या चित्रकाराचे फेब्रुवारी १७५६ मधल्या विजयदुर्गाच्या पाडावाचे चित्र आहे. ते १७७१ मधले, म्हणजे घटनेनंतर १५ वर्षांनी, इंग्रजांच्या बाजूने रंगवलेले आहे. तुळाजी आंग्र्यांचे आरमार त्याच हल्ल्यात जळाले. आपल्या जहाजांच्या बारकाव्यांसाठी त्यावर एकट्यावर विसंबू नका, पण किल्ला, खाडी आणि जहाजे यांचे प्रमाण कसे मांडले आहे ते जरूर पाहा. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण १५० ते ३०० टनांची असे आणि तिची नाळ पुढे बरीच निमुळती निघालेली असे. गलबत लहान, ७० टनांच्या आतले, वल्ह्यांनीही चालणारे. तुमच्या कच्च्या रेखाटनात गुराबीला इंग्लिश युद्धनौकेची उंच, नक्षीदार मागची बाजू लागली आहे. ती काढा.

ट्रफाल्गरच्या १८०५ मधल्या आरमारी लढाईच्या, इंग्रज चित्रकार टर्नरने केलेल्या चित्रावर (१८२२–२४) नौदलातल्या माणसांनी भरपूर टीका केली होती, कारण त्याने वेगवेगळ्या वेळी घडलेले प्रसंग एकाच क्षणात घातले होते. त्याने ते जाणूनबुजून केले होते. तुम्हालाही पुढे असे स्वातंत्र्य घ्यावेसे वाटले तर घ्या, फक्त या चित्रात नको. सध्या कॅनव्हासला हात लावण्यापूर्वी तळहाताएवढ्या कागदावर कोळशाने चार-पाच रचना करा, प्रत्येकीच्या कोपऱ्यात वाऱ्याचा बाण काढा, शेजारी महिना आणि उजेड कुठून येतो ते लिहा, आणि त्यातली जी तुम्हाला सर्वांत साधी वाटेल ती मला पाठवा.